साबणासकट मोजलेले चार

मी साबण मोजला. चूक एवढीच आहे आणि ती तीन शब्दांत मावते. ती कबूल करायला मला जो काळ लागला तो मात्र इतक्या थोडक्यात मावत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी पनवेलच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडे छोटी प्रयोगशाळा आहे आणि पीएचडीचे मार्गदर्शक म्हणून माझ्या नावाची पाटी आहे. पाटी पितळेची आहे. तेव्हा मी ती स्वतः पुसत असे.

साबणाचे आधी सांगतो, कारण सगळे त्यावरच आहे. पेशीभोवती पातळ, तेलकट पडदा असतो. काही प्रथिने जन्मभर त्या पडद्यात रुतून बसलेली असतात. ती तशीच पाण्यात आणली तर एकमेकांना चिकटून लगदा होतो. म्हणून ती बाहेर काढताना डिटर्जंट वापरतात. आम्ही सरळ साबण म्हणतो. साबणाचे कण प्रथिनाच्या तेलकट कमरेभोवती कडे करून बसतात, पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या कमरेला ट्यूब असते तसे. मग प्रथिन पाण्यात सुखाने राहते. पण ट्यूब काढता येत नाही, काढली की मूल बुडाले. म्हणजे वजन करायचे तर मुलाचे ट्यूबसकटच करावे लागते, आणि मग ट्यूबचे वजन वजा करावे लागते. हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. हाच दृष्टांत देतो. मुले हसतात.

आमचे प्रथिन खाडीच्या चिखलातल्या एका जिवाणूचे होते. सांडपाण्यातले धातू पोटात गेले की हा जिवाणू ते बाहेर फेकतो, आणि फेकण्याचा पंप म्हणजे आमचे प्रथिन. प्रश्न साधा होता. हा पंप एकटा काम करतो, की दोघे, तिघे, चौघे हातात हात घालून? ते कळल्याशिवाय पंप चालतो कसा याबद्दल काहीही बोलणे म्हणजे गप्पा.

त्यासाठी एक उभी काचेची नळी असते, बारीक मण्यांनी भरलेली. तिला कॉलम म्हणतात. मोठे कण त्यातून लवकर बाहेर पडतात, लहान कण मण्यांच्या छिद्रांत शिरत रेंगाळत येतात. किती उशिरा आले त्यावरून वजनाचा अंदाज करायचा. आमच्या प्रथिनाच्या एका साखळीचे वजन, आमच्या मापात, पंचेचाळीस. कॉलमने सांगितले एकशे ऐंशी. मी भागाकार केला. चार, बाकी काही नाही. इतका नितळ भागाकार पाहून संशय यायला हवा होता. मला आनंद झाला.

मी चार जाहीर केले. एका परिषदेत उभा राहून, चार साखळ्या चार पाकळ्यांसारख्या मांडलेले रंगीत चित्र दाखवून जाहीर केले. साबण वजा केला का, असे कोणी विचारले नाही, कारण माझ्यानंतर जेवण होते.

आमच्या प्राचार्यांना विज्ञानातले फारसे कळत नाही, पण चित्रातले कळते. ते म्हणाले, "सर, आपल्याला फूल मिळालं!" मला वाटले ते अभिनंदन करत आहेत. ते बोधचिन्हाबद्दल बोलत होते. महिनाभरात चार पाकळ्यांचे ते फूल विभागाच्या फाइलींवर, चहाच्या मगांवर आणि सभागृहाच्या भिंतीवर आले. वार्षिक दिनाला त्याची रांगोळी निघाली. मी ती ओलांडून न जाता वळसा घालून गेलो, इतका मी हळवा झालो होतो.

बायको बँकेत आहे, तिचा हळवेपणा कामाच्या वेळेत संपतो. आम्ही रोडपालीला राहतो. घरात तिसरा मग आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, बाथरूमच्या टाइल्स बदलायच्याच आहेत. तिथेही हेच बसवू या. साबणाजवळ शोभेल." ती विनोद करत होती. तिच्या नकळत ती त्या विषयावर तोवर बोललेल्या सगळ्या माणसांपेक्षा सत्याच्या जवळ गेली होती.

आता माझ्या विद्यार्थिनीबद्दल. ती उलव्यापलीकडच्या खाडीकाठच्या गावातली, घरचा मासळीचा धंदा. वयाने पस्तिशीच्या आसपास, दुसऱ्या एका कॉलेजात तासांवर शिकवणारी. तिथे तिच्या विषयाची एक कायम जागा निघणार होती. नेट-सेट तिच्याकडे नव्हती, सगळी मदार पीएचडीवर. प्रबंध पूर्ण होऊन त्यावर माझी सही झाली, तो वेळेत तपासला गेला, तर जागा तिच्या हातात होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. विसरलो होतो असे म्हणायची सोय मला नाही.

तिच्या प्रबंधातले एक प्रकरण माझे चार पक्के करण्यासाठी होते. तिने प्रथिनाच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना जोडून पाहिल्या. शेजारी असलेल्या साखळ्या चिकटतात, मग किती चिकटल्या ते मोजायचे. गोंद लावण्यासारखेच काम. चिकटल्या दोन.

"गोंद कमी पडला," मी म्हणालो.

तिने वाढवला. दोनच.

"अजून वाढव."

तिने अजून वाढवला. तेव्हा चारांच्या जागी एक पुसट पट्टा दिसला, आणि त्याच्या वर सहा, आठ, काय हवे त्या जागी पट्टे दिसले.

"हे बघ, चार!" मी म्हणालो.

"सर, एवढ्या गोंदात आपले प्राचार्य आणि युनियनसुद्धा एकत्र दिसतील."

मी हसलो नाही. मार्गदर्शकाने हसायचे असते ते विद्यार्थ्याच्या विनोदावर नव्हे, अशी माझी समजूत होती.

तिने मग स्वतःच मुंबईतल्या एका संस्थेत वेळ मागून घेतली. तिथे एक यंत्र आहे. कॉलममधून बाहेर पडणाऱ्या द्रवावर ते प्रकाश टाकते आणि त्याच्या विखुरण्यावरून, इतर दोन मोजमापांच्या मदतीने, प्रथिनाचे वजन वेगळे आणि साबणाचे वेगळे काढून देते. म्हणजे मी वर्गात सांगतो ती वजाबाकी ते यंत्र करते. तिने नमुने थर्माकोलच्या पेटीत नेले. बर्फ घरचा, मासळीचा. गेटवरच्या पहारेकऱ्याने पेटी हुंगून विचारले, "पापलेट हाय का?" ती म्हणाली, "पापलेट असतं तर तुमच्याकडे कशाला आनलं असतं?" हे तिने मला परत आल्यावर हसत सांगितले. ती खुशीत होती. मी तिची खुशी फार वेळ टिकू दिली नाही.

"सर, दोन आहेत. नव्वद प्रथिनाचे, नव्वद साबणाचे."

"साबण जास्त झाला असेल तुझा. साबणाने चाराचे तुकडे करून दोन केले असतील."

"साबण तोच आहे सर, तेवढाच. आपल्या कॉलमवर त्यानं नाही तोडलं?"

"तिथे परिस्थिती वेगळी होती."

"काय वेगळं होतं?"

मी चष्मा पुसला. वेगळे एवढेच होते की तिथला आकडा मला आवडला होता. पडद्यातल्या प्रथिनांवर काम करणाऱ्याला साबणाचा हा मोठा आधार असतो. संख्या जास्त आली तर ती खरी, कमी आली तर साबणाने तोडली. या युक्तिवादाला हरवता येत नाही. विशेषतः तो करणाऱ्याच्या हातात सही असेल तर.

तिने यंत्राचे कागद गोळा केले. मग म्हणाली, "सर, मी चार लिहून देऊ का? द्या सही, मी लिहिते."

हे तिने रागाने म्हटले की थकून, मला त्या वेळी कळले नाही. मला फक्त राग आला. "मी कुणाला खोटं लिहायला सांगत नाही," असे मी म्हणालो आणि वर संशोधनातल्या सचोटीवर एक छोटे भाषण दिले. ते भाषण आठवले की आजही अंगावर पाल पडल्यासारखे होते.

पण बोचले होते. एका रविवारी दुपारी, बायकोला परीक्षेचे काम आहे असे सांगून, मी कॉलेजात गेलो. ज्याची संख्या साऱ्या जगाला माहीत आहे असे एक प्रथिन फ्रीजमध्ये होते. पडद्यातलेच, आमच्याएवढ्याच वजनाचे, आणि जोडीने राहणारे. दोन, याबद्दल कुठेही वाद नाही. ते मी त्याच साबणात, त्याच कॉलममधून सोडले. बाहेर रस्त्यावर कळंबोलीकडे निघालेले ट्रक हॉर्न देत होते आणि मी संगणकावर रेघ वर चढताना पाहत होतो. जिथे आमचे प्रथिन चढायचे तिथेच ती चढली. माझ्या हिशेबाने पाहिले तर तेही चार ठरत होते. एकशे ऐंशीतले अर्धे साबणाचे होते. माझ्या चार पाकळ्यांतल्या दोन साबणाच्या होत्या.

मी यंत्र बंद केले, कॉलम धुतला, टेबल पुसले. इतके नीट मी एरवी आवरत नाही.

सोमवारी सांगायचे ठरवले होते. सोमवारी प्राचार्यांनी सांगितले की कॉलेजला दर्जा द्यायची समिती महिनाअखेरीस येते आहे, आणि आपल्या विभागाचे चार पाकळ्यांचे संशोधन सगळ्यात पुढे मांडायचे आहे. मी म्हटले, समिती होऊन जाऊ दे. इतक्या दिवसांत काय बिघडते?

समिती आली. सभागृहाच्या भिंतीवरच्या फुलाला नवा रंग दिला होता. माझी विद्यार्थिनी काठाची साडी नेसून माझ्या पोस्टरशेजारी उभी होती, कारण पोस्टरशेजारी कोणीतरी उभे राहायचे असते. समितीतले एक वयस्कर गृहस्थ सहज म्हणाले, "हे चार नक्की ना? डिटर्जंटमध्ये घोळ होतो म्हणतात."

सगळ्या नोकरीत मला इतका चांगला प्रश्न इतक्या चांगल्या वेळी कोणी विचारला नसेल. मी म्हणालो, "निर्विवाद."

ती माझ्याकडे पाहत होती. तिला वाटले, सरांचा हट्ट अजून आहे. तिला ते वाटत होते हे मला दिसत होते, आणि त्या क्षणी मला त्याने हायसे वाटले. हट्टी म्हणवून घेणे मला चालणार होते.

पुढच्या काही महिन्यांत तिच्या कॉलेजातली जाहिरात निघाली आणि मुलाखती झाल्या. प्रबंध तोवर माझ्या टेबलावरच होता, सहीविना. काही दिवसांनी मी तिला विचारले, "मुलाखतीचं काय झालं?"

"झाली सर मुलाखत. माझी नाही. दुसऱ्यांची."

एवढे बोलून ती कॉलम धुवायला गेली. जागा भरली. अशा जागा पुन्हा निघायला किती वर्षे लागतात, हे तासांवर शिकवणाऱ्या कुणालाही विचारावे.

त्यानंतर मी सही केली. प्रबंधात 'दोन' राहू दिले आणि तिला एक वाक्य घालायला सांगितले: 'अधिक माहितीच्या प्रकाशात पूर्वीच्या अनुमानाचा पुनर्विचार करणे इष्ट ठरते.' या वाक्यात कर्ता नाही. कोणी अनुमान केले, कोणी पुनर्विचार केला, कुणाला इष्ट ठरते, काही कळत नाही. अशी वाक्ये आम्हा लोकांना फार छान जमतात.

प्राचार्यांना मात्र सरळ सांगावे लागले. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे दोन पाकळ्या पुसायच्या? अहो, दोन पाकळ्यांचं काय फूल असतं? ते तर सशाचे कान दिसतील!" मग त्यांनीच तोड काढली. फूल राहील, पाकळ्यांचा अर्थ बदलेल. ज्ञान, सेवा, शिस्त आणि स्वच्छता. शेवटची पाकळी तरी विषयाला धरून होती.

मी विद्यार्थिनीची माफी मागितली असे मी या काळात बऱ्याचदा स्वतःला सांगितले. तिला चहा पाजला, ती माफी धरली. उत्तम शिफारसपत्र दिले, तीही धरली. एकदा व्हरांड्यात "तुझं बरोबर होतं हं" असे चालता चालता म्हणालो आणि ती काही बोलायच्या आत जिना उतरलो. घरी बायकोला म्हणालो, "मी बोललो तिच्याशी."

"काय बोललात?"

"तेच, की तिचं बरोबर होतं."

"आणि तुम्हाला ते आधीच कळलं होतं, ते?" बायकोला मी रविवारचे सगळे सांगितले होते. सांगायला कोणीतरी लागते.

"ते कशाला? तिला उगाच त्रास."

"तिला त्रास," बायको म्हणाली. मग तिने जेवणाची ताटे घेतली. त्या संध्याकाळी ती माझ्याशी फक्त आमटीबद्दल बोलली.

शेवटी मी पेढे घेऊन विद्यार्थिनीच्या गावी गेलो. उलव्याच्या अर्धवट इमारती मागे टाकल्या की रस्ता अजूनही खाडीकडे उतरतो. तिची आई ओट्यावर बसून कोलंबी सोलत होती.

"बसा सर. आमी काय खानार नाय तुमाला," ती म्हणाली. मग पेढ्यांकडे पाहून, "पास झाली काय पोरगी?"

"नाही अजून. तोंडी परीक्षा व्हायची आहे."

"मंग परत न्या. झाली की आना."

मी पेढे मांडीवर घेऊन बसलो. विद्यार्थिनी बाहेर आली, हात पुसत. मी बरेच घोळवून, पाण्याचा घोट घेऊन, अखेर म्हणालो की माझ्या हातून तुझ्यावर अन्याय झाला, मी माफी मागतो. नेमके त्याच वेळी डोक्यावरून विमान गेले. नवा विमानतळ झाल्यापासून तिथे माणसे बोलता बोलता थांबतात आणि विमान गेल्यावर पुढचा शब्द उचलतात. मला ती सवय नव्हती. मी विमानाबरोबर बोलत राहिलो.

"काय म्हणालात सर?"

आणि मला ते पुन्हा म्हणता येईना. "अन्यायाबद्दल," एवढेच म्हणालो.

तिला कळले. ती ओट्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "सर, इथं नको. इथं कोणी चार ऐकलंच नाय. माझ्या आयेला दोन काय नि चार काय. तुमी जिथं चार म्हनालात ना, तिथं दोन म्हना." रागावली की ती घरच्या बोलीत जाते. मग सावरून शुद्ध मराठीत म्हणाली, "तिथे म्हणालात तर मी ऐकेन."

मी हो म्हणालो. पेढे परत आणले. बायकोने डबा उघडूनही पाहिला नाही.

तिची तोंडी परीक्षा आमच्याच सभागृहात झाली. खुली असते, कोणीही येऊन बसू शकते. प्राचार्य होते, विभागातले सगळे होते, मागे तिची आई नव्या लुगड्यात होती. भिंतीवर फूल. आमच्याकडे रीत अशी की शेवटी विद्यार्थी मार्गदर्शकाचे आभार मानतो, डोळे पुसतो, पाया पडतो, आणि मार्गदर्शक उठून विद्यार्थ्याच्या कष्टांबद्दल आणि त्यातून स्वतःबद्दल बोलतो. मी असे बरेचदा बोललो आहे. मला ते चांगले जमते.

ती उत्तम बोलली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शेवटी विचारले, "तुमचे दोन्ही पुरावे इतके जुने आहेत. मग प्रबंध इतका उशिरा का? आणि मधल्या काळात या विभागाने चार कसे काय मांडले?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ते सर सांगतील."

तिला वाटत होते मी हट्टाबद्दल सांगेन. तेवढे सांगून बसता आले असते. सभागृहाने ते मोठेपण मानले असते, प्राचार्यांनी टाळ्याही सुरू केल्या असत्या. मी उठलो तेव्हा खरे सांगायचे तर मनात तेवढेच होते. माइक हातात घेतला आणि तिच्या आईच्या मांडीवर पेढ्यांचा डबा दिसला. तिने स्वतः आणला होता, पोरगी पास होणार म्हणून.

मी म्हणालो, "चार मी म्हणालो होतो. ते चुकीचे होते. मी प्रथिनाबरोबर साबणही मोजला. हिने मला दोनदा पुराव्यासह दाखवले आणि मी दोन्ही वेळा तिला खोटे पाडले. ही माझी चूक. पण उशीर चुकीमुळे झाला नाही. समिती येण्याआधी एका रविवारी मी स्वतः एकट्याने तपासून पाहिले होते. हिचेच बरोबर आहे हे मला त्या दिवशी कळले. तरी याच सभागृहात, ही शेजारी उभी असताना, मी समितीला निर्विवाद म्हणालो. सही केली नाही, कारण केली असती तर भिंतीवरचे हे फूल पुसावे लागले असते."

ती आता माझ्याकडे पाहत होती. हे तिला माहीत नव्हते.

प्राचार्य खुर्चीत हलले. मी तिच्याकडे वळलो. इतकी वर्षे मी तिला अगं-तुगं करत आलो होतो, त्या वेळी ते तोंडातून निघेना.

"मॅडम, तुमच्या कॉलेजातली मुलाखत झाली तेव्हा मला सगळे माहीत होते. ती जागा साबणाने नाही घालवली, मी घालवली. ती मला परत देता येणार नाही. मला माफ करा."